आप्पा, गाडी अजून तुमचीच आहे

तीर्थरूप आप्पांस,


परवा फोनवर मी ओम्नीचं काढलं आणि तुम्ही विहिरीच्या मोटारीवर गेलात. म्हणून आता लिहूनच कळवते. हे पत्र उघड लिहितेय, कारण विकलेली पण नावावर राहिलेली वाहनं आपल्या गावात एकट्या तुमचीच नाहीत. तात्यांना जाऊन एवढे दिवस झाले, त्यांची मोटारसायकल अजून त्यांच्याच नावावर फिरते आहे.

तुम्ही पाडव्याला सचिनला ओम्नी दिलीत. एक लाख दहा हजाराला व्यवहार ठरला, पैसे मिळाले, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून झालं, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, नोटरीचा शिक्का बसला. चावी दिलीत, आरसीचं कार्ड दिलंत, मागचा जॅक आणि पानासुद्धा आठवणीनं दिलात. नाव बदलायचं तेवढं राहिलं. ‘तानाजीचा पोरगा आहे, आज ना उद्या करील,’ असं तुम्ही म्हणालात. कराडच्या आरटीओच्या दप्तरात ती गाडी आजही तुमचीच आहे.

त्या कागदाचा फोटो दादानं मला पाठवला. मी तो नीट वाचला. ‘आज सायंकाळी ५ वाजून १० मिनिटांपासून सदर वाहनाचा अपघात, पोलीस केस, चलन, दंड या सर्वांची जबाबदारी लिहून घेणार यांची राहील, लिहून देणार यांचा काही एक संबंध राहणार नाही.’ वेळ मिनिटासकट घातली आहे. खाली सचिनची सही, तिच्याशेजारी त्याचा अंगठा, आणि तुमची ती मोडीच्या वळणाची सही. लिहिणाऱ्यानं मन लावून लिहिलंय आणि तुमचा त्यावर विश्वास बसला, यात मला नवल वाटत नाही.

तो कागद खोटा नाही. तुमच्या आणि सचिनच्यात तो करारच आहे, आणि कोर्ट त्याला करार म्हणून किंमत देईल. उद्या तुम्हाला भरपाई भरावी लागली, तर ती रक्कम सचिनकडून मागण्याचा हक्क तुम्हाला त्या कागदानं मिळतो. पण आप्पा, रस्त्यावर ज्याला धडक बसेल त्याची सही त्यावर नाही. त्या माणसानं तुम्हाला काही लिहून दिलेलं नाही. तुम्ही दोघांनी आपसांत काय वाटून घेतलं, त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

तुमच्या मनात जो कायदा आहे तो जुना आहे. तुम्ही एसटीत लागलात तेव्हा १९३९ चा मोटार वाहन कायदा होता. त्यातल्या मालकाच्या व्याख्येत नोंदणीचा उल्लेखच नव्हता. पैसे घेतले, ताबा दिला, की विकणारा मोकळा, असं त्या काळी अनेक कोर्टांनी धरलं. १ जुलै १९८९ पासून १९८८ चा कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम २(३०) मध्ये सरळ लिहिलं गेलं की ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे तो मालक. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज घेऊन ती ताब्यात ठेवणारा मालक. खासगी विक्रीसाठी तिसरी वाट ठेवलेली नाही. ओम्नी तुम्ही सचिनला विकलीत हे खरं आहे, वस्तूविक्रीच्या कायद्यानं ती त्याची झालीही. अपघाताच्या भरपाईपुरते मात्र तुम्हीच मालक राहिलात.

सुप्रीम कोर्टानं हे ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात अगदी स्वच्छ केलं. तेव्हाचे सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. खानविलकर आणि न्या. चंद्रचूड यांचं खंडपीठ होतं. प्रकरण पंजाब-हरियाणा हायकोर्टातून आलं होतं. २७ मे २००९ ला एक बाई आणि तिच्या नात्यातला एक जण शेताकडे चालत निघाले होते. रिव्हर्स येणाऱ्या मोटारीनं त्यांना धडक दिली. बाई जखमी झाली, सोबतचा गेला. मोटार ज्याच्या नावावर होती त्यानं ती २००७ मध्येच विकलेली, घेणाऱ्यानं २००८ मध्ये पुढे विकलेली, त्यानं आणखी पुढे, आणि त्यानंही पुढे. आरटीओत मात्र नाव पहिल्याचंच. हायकोर्टानं भरपाईचा भार नंतरच्या एका खरेदीदारावर टाकला होता. सुप्रीम कोर्टानं तो तिथून काढून नोंदलेल्या मालकावर ठेवला. कारण असं दिलं की जखमी झालेल्यानं किंवा मेलेल्याच्या वारसांनी, नोंद न झालेल्या खरेदीविक्रीच्या मागावर दारोदार फिरावं अशी अपेक्षा करता येणार नाही. तसं केलं तर कायद्याचा हेतूच मारला जाईल.

मी हे वाक्य क्लेम कोर्टात पुन्हा पुन्हा वापरते, कारण असं मागावर फिरणं मी जवळून पाहिलंय. माझ्या एका अशीलबाईचा नवरा गवंड्याच्या हाताखाली होता. संध्याकाळी सायकलवरून घरी येताना जीपनं उडवला. आम्ही आरसीवरच्या मालकाला नोटीस काढली. तो हजर होऊन म्हणाला, मी विकली, आणि तुमच्यासारखाच कागद काढून दाखवला. घेणारा आला, तोही म्हणाला, मी पुढे दिली. त्यानं ज्याला दिली त्याचा पत्ता म्हणजे एका गॅरेजचं नाव, आणि ते गॅरेज बंद झालेलं. ती बाई प्रत्येक तारखेला मजुरी बुडवून यायची, कोर्टाच्या व्हरांड्यात धाकट्याला मांडीवर घेऊन बसायची, आणि मला एकच विचारायची, ‘ताई, गाडी कुणाची हे सरकारला माहीत नसतं का?’ सरकारला माहीत होतं. सरकारच्या पुस्तकात एक नाव होतं, आणि बाईला दाखवता येईल असं तेवढंच एक नाव होतं.

म्हणून मला हा कायदा कडक वाटत नाही. न्यायाचाच वाटतो. विकणाऱ्याला घेणारा ठाऊक असतो, घेणाऱ्याला विकणारा ठाऊक असतो. रस्त्यानं चाललेल्याला दोघंही ठाऊक नसतात. त्याच्या हाती लागतो तो फक्त नंबर.

आणि मी नेहमी त्या नंबरवरूनच नोटीस काढणारी आहे. उद्या देव न करो, सचिन ओगलेवाडीच्या फाट्यावर कुणाला धडकला आणि त्या घरची बाई माझ्याकडे आली, तर मी तिला सांगेन की गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला पहिला सामनेवाला करा. दुसरं काही सांगितलं तर मी तिची वकील राहणार नाही. त्या दाव्यात पहिलं नाव तुमचं असेल, आप्पा. हे लिहितानाच मला पोटात गोळा येतोय.

‘सचिन महिन्याभरात करणारच आहे’ हे तुमचं पुढचं म्हणणं. कायद्यानं घेणाऱ्याला कळवायला ३० दिवस दिलेत, हे खरं. पण डिसेंबर २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा दुसरा निकाल वाचा. त्यात ११ सप्टेंबर २००९ ला सँट्रो विकली गेली आणि ९ ऑक्टोबर २००९ ला अपघात झाला. तीस दिवस उलटलेसुद्धा नव्हते. कोर्ट म्हणालं, नोंद होईपर्यंत विकणाराच मालक. तीस दिवसांची ती मुदत अर्ज करण्यासाठी आहे, त्या काळात तुमच्यावरची जबाबदारी थांबत नाही. आणि आपल्या पाडव्याला तर तीस दिवस केव्हाच होऊन गेले.

फौजदारी बाजूची भीती तुम्हाला घालत नाही. गुन्हा गाडी चालवणाऱ्यावर होतो. बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेतल्याबद्दल सचिनवर केस होईल, तुमच्यावर होणार नाही. पोलीस तुम्हाला बोलावतील आणि चालक कोण ते विचारतील, तेवढं तुम्हाला सांगावं लागेल. ई-चलनंही तुमच्याच मोबाइलवर येत राहतील. हा सगळा ताप आहे, पण सोसण्यासारखा आहे. मला धास्ती आहे ती पैशांची.

भरपाई कशी काढतात ते एकदा आकड्यात बघा. समजा धडक बसून अठ्ठावीस वर्षांचा मजूर गेला. महिना बारा हजार कमावणारा, मागे बायको, दोन मुलं, म्हातारी आई. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, असं २०१७ मध्ये घटनापीठानं ठरवून दिलंय. म्हणजे १६,८००. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १२,६०० राहतात. वर्षाचे १,५१,२००. त्या वयाला गुणक १७. एकूण २५,७०,४००. वर घरच्यांच्या मायेला झालेलं नुकसान, अंत्यविधीचा खर्च आणि दाव्याच्या तारखेपासूनचं व्याज वेगळं. ही जास्तीत जास्त रक्कम म्हणून सांगत नाही, एका साध्या मजुराचा हिशोब आहे. एक लाख दहा हजाराला विकलेल्या गाडीवर हे लटकलेलं आहे.

आणि वसुली. निवाड्याचे पैसे भरले नाहीत तर न्यायाधिकरण कलम १७४ खाली कलेक्टरला दाखला देतं, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. महसुलाची थकबाकी कशी वसूल होते हे शेतकऱ्याला मी काय सांगावं. ओढ्याकाठचं दीड एकर दादानं आणि तुम्ही मिळून राखलंय. त्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढलेला मला बघवणार नाही. त्याच जमिनीतला तुकडा तुम्ही मागे विकलात तेव्हा फेरफार मंजूर होईपर्यंत तलाठ्याचं दार सोडलं नव्हतं. गाडीच्या नोंदीला तेवढा मान तुम्ही का देत नाही, हे मला कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, विमा आहे की. आहे, आणि म्हणूनच मी अजून झोपू शकते. थर्ड पार्टी विमा चालू असेल तर नाव बदललेलं नसलं तरी जखमी माणसाला कंपनी पैसे देते. कलम १५७ प्रमाणे गाडीच्या विक्रीबरोबर तो विमा आपोआप घेणाऱ्याकडे गेला असं धरलं जातं. मृत्यू आणि दुखापतीला त्यात रकमेची मर्यादा नसते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला खासगी मोटारीच्या पॉलिसीत साडेसात लाखांपर्यंत छत्र असतं. कुणाच्या घराची भिंत पाडली, उभी रिक्षा चेपली, तर त्यातून निघतं.

पण तुमच्या पॉलिसीची मुदत येत्या चैत्रात संपते. तेव्हा काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. तुम्ही म्हणाल, गाडी विकली, आता मी हप्ता का भरू. सचिन म्हणेल, विमा आप्पांच्या नावावर आहे, ते भरतील. दोघांतलं कुणीच चुकीचं बोलत नसेल, आणि विमा बंद पडलेला असेल. नाव न बदललेल्या गाड्यांचा विमा असाच पडतो. मग ते पंचवीस लाख कंपनीच्या दारात न जाता सरळ आपल्या ओसरीवर येतात.

विमा चालू असला तरी दुसरी वाट आहे. चालकाकडे लायसन्स नव्हतं, किंवा गाडी नको त्या कामाला वापरली, असं निघालं, तर कंपनी आधी जखमीला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करायला निघते. सचिन हल्ली बाजाराच्या दिवशी मसूरपर्यंत वडाप मारतो, असं आई म्हणत होती. खासगी नोंदणीच्या गाडीत भाड्यानं माणसं बसवली, तर विमा कंपनीला बोट ठेवायला हीच जागा मिळते. आणि वडापच्या नावानं तुम्ही हयातभर बोटं मोडलीत! तुमच्या स्टँडासमोरून ते तुमचे प्रवासी उचलायचे. आज कागदोपत्री त्यातली एक गाडी तुमची आहे. सचिनचा धाकटा भाऊ अजून अठराचा झालेला नाही, त्याच्या हाती गाडी गेली तर वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. आधी मी म्हटलं की फौजदारी तुमच्यावर येत नाही, त्याला हा एवढा अपवाद धरा.

तुम्हाला खरी अडचण कुठे आहे ते मला ठाऊक आहे. तानाजीकाका आणि तुम्ही एकाच डेपोत, एकाच बाकावर डबा खाल्लेली माणसं. त्यांच्या मुलाला ‘आरटीओत चल’ म्हणणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं तुम्हाला वाटतं. दिलेला शब्द तुम्ही कधी मोडला नाही, आणि दुसरा मोडेल असं तुमच्या मनात येत नाही. मला या स्वभावाचा अभिमान आहे. पण इथे तुम्ही कुणाच्या शब्दावर विसंबला आहात? सचिन उद्याच ही गाडी उंब्रजच्या कुणाला देईल. त्या माणसाला तुम्ही ओळखत नाही. त्यानं तुम्हाला शब्द दिलेला नाही. तो ज्याला देईल त्यानंही नाही. नाव मात्र सगळ्यांच्या पुढे तुमचंच चालत राहील.

आणि वेळ आलीच, तर त्या स्टॅम्प पेपरच्या आधारानं तुम्हाला तानाजीकाकांच्या मुलावर दावा लावावा लागेल. पंचवीस लाखांचा दावा लावून कुणाच्या घरी चहाला जाता येत नाही. मैत्री टिकायची असेल तर नाव बदलून घ्या, आप्पा. सचिनचं भलंही यातच आहे, हे त्याला समजावून सांगा. गाडी ठोकून तिचंच नुकसान झालं तर पॉलिसी त्याच्या नावावर नाही म्हणून त्याला कंपनीकडून मिळायचं काही नाही. थर्ड पार्टीचा भाग आपोआप जातो तसा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जात नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच सांगून ठेवलंय. आणि पॉलिसीत मालक-चालकाला १५ लाखांचं अपघाती संरक्षण असतं, ते नोंदलेल्या मालकाला. सचिन स्वतः त्या गाडीत गेला तर त्याच्या बायकोच्या हाती त्यातला रुपया पडणार नाही. तिचं तर आत्ताच लग्न झालंय. सचिनला माझा कायदा ऐकायचा नसेल तर एवढं एकच सांगा.

दादानं पुण्यात जुनी गाडी एक्स्चेंजला दिली तेव्हा सगळं सुरळीत झालं, त्याचं उदाहरण तुम्ही दिलंत. तिथे वाट वेगळी आहे. १ एप्रिल २०२३ पासून परवानाधारक जुन्या गाड्यांच्या डीलरला गाडी दिली आणि तसं पोर्टलवर कळवलं, की तो डीलरच मालक मानला जातो. तुम्ही गाडी डीलरला दिलेली नाही, शेजाऱ्याला दिलीय. ती सोय आपल्याला लागू होत नाही.

काम तसं एका सकाळचं आहे. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्यानं आरटीओला कळवणं, फॉर्म ३० म्हणजे दोघांनी मिळून नाव बदलायचा अर्ज. कळवायची तुमची मुदत १४ दिवसांची होती, ती गेली, तर उशिराचा दंड भरा, त्याला काही बिघडत नाही. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरता येतो, दादाला सांगा. आरसी, विमा, पीयूसी, दोघांची आधार आणि पॅन कार्डं, सचिनचा पत्त्याचा पुरावा, आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. ओम्नीचा चेसिस नंबर कुठे आहे ते तुमच्याएवढं कुणाला माहीत नाही, तेव्हा कागद धरून पेन्सिल तुम्हीच फिरवा. आरसीवर पतसंस्थेचा बोजा अजून दिसतोय. कर्ज फिटलंय, पण तो उतरवलेला नाही. पतसंस्थेकडून फॉर्म ३५ वर सही-शिक्का आणि ना हरकत घ्या, त्याशिवाय पुढचं हलणार नाही. एजंटाच्या हातात सह्या केलेले कोरे फॉर्म देऊ नका. पूर्वी तुम्ही स्कूटरच्या वेळी दिले होते, ती स्कूटर आज कुणाकडे आहे?

सचिन टाळाटाळ करायला लागला तर त्याची वाट पाहत बसू नका. त्या कागदाची प्रत जोडून विक्री झाल्याचं तुम्ही आपलं आरटीओला लेखी कळवा, स्पीड पोस्टानं, आणि पोच जपून ठेवा. विमा कंपनीलाही तसंच पत्र द्या. एवढ्यानं तुम्ही सुटलात असं मी म्हणणार नाही, पुस्तकात नाव आहे तोवर दावेदाराला तुमचं दार मोकळंच आहे. पण तुम्ही तुमचं कर्तव्य केलं हे दप्तरी राहील. आणि नाव बदलेपर्यंत विम्याचा हप्ता आपण भरायचा, गाडी विकली असली तरी. तो मी इथून भरते, त्यावर वाद घालू नका.

तुम्ही इतकी वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलंत. तुमच्या हातून रस्त्यावरचं एक माणूस दुखावलं नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला आईनं तुमच्या खाकी शर्टासकट ट्रंकेत ठेवलाय. नातवंडांना तो दाखवताना तुम्ही सांगता की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्या भरवशावर चालतो. ओम्नीच्या बाबतीतही तो तुमच्याच नावाच्या भरवशावर चालला आहे, आणि आता गाडी तुमच्या हातात नाही.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं येते. सोमवारी सकाळी तुम्ही, सचिन आणि मी कराडला जाऊ. तानाजीकाकांशी मीच बोलेन, त्यांना राग आला तर माझ्यावर येऊ दे. तोवर पतसंस्थेच्या सेक्रेटरींना भेटून फॉर्म ३५ चं विचारून ठेवा, ते दुपारी दोननंतर सापडत नाहीत. आणि विम्याची मूळ पॉलिसी शोधा. बहुतेक देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात वीजबिलांच्या पिशवीत आहे.

आईला नमस्कार. पिंटूला आशीर्वाद.

तुमची,
शैला

ता. क. तात्यांच्या मोटारसायकलीचे कागदही काकूंकडून मागून ठेवा. मालक गेल्यावर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. ते दोन्ही राहिलंय, सोमवारी त्याचीही चौकशी करू.